आतल्याकडे किल्ली नसते

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आईच्या कानावर हे जाऊ नये, म्हणून पत्र लिहितोय. तुरुंगात शिपायाला मारहाण झाल्याचं पेपरात आलं असेल. तो शिपाई मी नाही. मला साधं खरचटलंही नाही. आईला एवढंच वाचून दाखवा आणि बाकीचं पत्र खिशात घाला.

मार बसला तो मास्तरला. सहा वर्षं तो माझा जोडीदार आहे. या नोकरीआधी वर्षभर कुठल्याशा शाळेत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. कैद्यांना आलेली पत्रंही तोच वाचून दाखवतो. गेल्या आठवड्यात तीन नंबरच्या बराकीत एका गादीत मोबाईल सापडला, आणि साहेबांनी अख्ख्या बराकीच्या भेटी महिनाभर बंद केल्या. शेण खाल्लं एकाने आणि घरच्यांची तोंडं बघायची नाहीत एकशे चाळीस जणांनी. हुकूम निघाला साहेबांच्या खोलीत, तो वाचून दाखवायचं काम पडलं आमच्या गळ्यात.

नियमाने आत दोघांनी जायचं आणि दारावर एकाने थांबायचं. आमचा तिसरा माणूस दोन वर्षांपासून फक्त हजेरीपटावर आहे. मी मास्तरला म्हटलं, गजांबाहेरूनच वाच आणि मोकळा हो. पण त्याचा एक हट्ट आहे. वाईट बातमी तो गजांआडून सांगत नाही. कुणाचा बाप वारला, कुणाचा अर्ज फेटाळला गेला, की हा आत जाणार, त्यांच्यात मांडी घालून बसणार आणि मग सांगणार. त्या दिवशीही तो तसाच आत गेला. मी बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली.

नेमका भेटीचा वार होता. एकाची आई दोन दिवस प्रवास करून फाटकाबाहेर येऊन बसली होती. तो रडायला लागला, दुसरा कुणी ओरडला, आणि पहिला हात कुणी उचलला ते मला सांगता येणार नाही. थाळ्या, स्टुलाचा पाय, जे हाताला लागेल ते. मी धोक्याची घंटा ओढली. कुमक यायला सात मिनिटं लागली. तेवढा वेळ मी गज धरून उभा होतो.

तुम्हीच शिकवलंत की आतल्याकडे किल्ली नसते, आणि आत गडबड असेल तर दारावरच्याने कुलपाला हात लावायचा नाही, आत सख्खा बाप असला तरी. मी लावला नाही. मास्तरही त्या गर्दीतून मला ओरडून म्हणाला, "उघडू नको." जबाबातही मी तसंच लिहून दिलंय.

त्याच्या डोक्याला एकवीस टाके पडलेत. डावा हात तीन ठिकाणी मोडलाय. अजून शुद्धीवर नाही. मी बरोबर केलं ना, मामा? बाकी काही नको, एवढंच लिहा.

तुमचा भाचा


११ फेब्रुवारी

भाच्या,

बरोबर केलंस. शंभर वेळा विचारलंस तरी शंभर वेळा हेच सांगेन. दार उघडलं असतंस तर आज एकाच्या जागी चार जण खाटेवर असते आणि दहा जण भिंतीपलीकडे. तीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालो तो जमादार म्हणून, पण शहाणपण म्हणशील तर हे एवढंच जमवलं.

तुझ्या आईला सांगितलं की पोरगा ठणठणीत आहे. ती म्हणाली, मग पत्र दाखव. मी म्हटलं, सगळं खात्याचं आहे, तुला कळायचं नाही. दोन दिवस माझ्या चहात साखर नव्हती. बहिणीच्या हातचं खायचं तर हेही गिळावं लागतं.

तुझा तो मास्तर मात्र लाखातला माणूस. डोक्यात थाळ्या बसत असताना "उघडू नको" म्हणायला छाती लागते. तुझं पत्र मी कट्ट्यावर वाचून दाखवलं. आम्ही पाच रिकामटेकडे म्हातारे, एरवी कुणाचा गुडघा जास्त दुखतो यावरून भांडणारे, अगदी गप्प झालो. आमच्यातला निवृत्त पोस्टमन तर रडला. चष्मा हरवला तरी तो रडतो, ते सोड. पण बाकीच्यांनीही नाकाला रुमाल लावले.

आत जाऊन मांडी घालायची त्याची सवय मात्र वेडेपणाची. माया करायची तर ती गजांबाहेरूनही करता येते. बरा झाला की माझ्या नावाने त्याला चार शिव्या घाल.

आता चौकशी लागेल. विचारतील तेवढंच बोल. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आपलं खातं पहिल्यापासून पटाईत आहे, सगळं खापर मास्तरच्या मांडीवर फोडतील. तिसरा माणूस कुठे होता, हे तेवढं तूच विचार. आणि वेळेवर जेव.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

तिसऱ्या माणसाचं विचारलं. चौकशीचे साहेब म्हणाले, तो साहेबांच्या बंगल्यावर बागेला पाणी घालतो हे सगळ्यांनाच माहीत आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

तुमचा अंदाज मात्र चुकला. मास्तरवर त्यांनी खापर फोडलं नाही, उलट त्याला डोक्यावर घेतलंय. सोमवारच्या परेडला साहेबांनी "उघडू नको" वर पंधरा मिनिटं भाषण केलं. नव्या पोरांनी आदर्श घ्यावा म्हणाले. प्रशस्तिपत्राची शिफारस वर गेली आहे. तो एकटा का होता, घंटा दिल्यावर सात मिनिटं का लागली, हे आता कुणी विचारतच नाही. एवढा मोठा माणूस म्हटल्यावर त्याला सोबत कशाला लागेल.

मी रोज दवाखान्यात जातो. वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, आत बसत नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसते. दोन्ही मुली आत जाऊन बापाचे पाय दाबतात, ही बाहेरच. परवा मला विचारलं, "बोलताना त्यांना भान होतं का हो?" मी होतं म्हणालो.

मला जेवण जात नाही. कुठे भांडं पडलं की घास तोंडातच राहतो. तुमच्या वेळी कुणाच्या डोक्याला असा मार बसला होता का? शुद्धीवर आल्यावर माणसाला आपण शेवटचं काय बोललो ते आठवतं का?

आणि ते पत्र तुम्ही कट्ट्यावर वाचायला नको होतं.

तुमचा भाचा


२७ फेब्रुवारी

भाच्या,

तुझं पत्र मला मुळीच आवडलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. तू काहीच खाल्लेलं नाहीस, मग तुझा घसा का धरलाय? मला दिसतंय ते असं: तुला आता त्या बराकीची भीती बसली आहे आणि नोकरी सोडायचं मनात घोळतंय. अशी पत्रं मी नव्या शिपायांची पुष्कळ पाहिली आहेत. भांडं पडलं, घास अडकला, पाठोपाठ राजीनामा. खुशाल घाबर. घाबरत नाही त्याला मी दारावर ठेवलाच नसता. पण पळू नकोस.

मास्तरची बायको तुझ्यावर रागावली असणार. तिचा नवरा आत मार खाऊन पडला आणि तू बाहेर धडधाकट, राग येणारच. त्यावर औषध एकच. तिच्या समोर जाऊन बस, डबा घेऊन जा, मुलींचा अभ्यास घे, आणि मान खाली घालू नकोस. खाली घातलेल्या मानेवर लोक वाटेल ते लादतात.

आठवण्याचं म्हणशील तर कुणाला आठवतं, कुणाला नाही. आठवलं तर बरंच की. साहेबाच्या भाषणावर त्याच्याच तोंडची मोहोर बसेल.

सोबत एक चिठ्ठी आहे. कट्ट्यावरच्या आम्ही पाचही जणांनी मास्तरला लिहिली आहे, खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. पोस्टमनची सही ओल्या शाईवर बोट फिरल्याने पसरली आहे. तो शुद्धीवर आला की तू स्वतः वाचून दाखव.

तुझी आई रोज विचारते, पोरगं फोनवर एवढं हळू का बोलतं म्हणून.

मामा


५ मार्च

मामा,

हे पत्र कट्ट्यावर नेऊ नका. एकट्याने वाचा.

मास्तर "उघडू नको" म्हणाला नाही. तो "उघड" म्हणाला. तीन वेळा म्हणाला. पहिल्यांदा हुकूम द्यावा तसा. दुसऱ्यांदा नुसता ओरडला. तिसऱ्यांदा तो जमिनीवर होता, मला फक्त त्याचा हात दिसत होता, आणि तो म्हणाला, "दादा, उघड." तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे, मामा. सहा वर्षांत एकदाही त्याने मला दादा म्हटलेलं नाही.

नियम पाळला म्हणून सगळे माझी पाठ थोपटतात. नियम मला आठवलाच नव्हता. हात किल्लीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, उघडलं तर ते माझ्याकडे येतील. बाकी डोक्यात काही नव्हतं.

त्याच दिवशी दवाखान्यात वहिनीने विचारलं, "ते काही म्हणाले का?" माझ्या तोंडून ते दोन शब्द निघून गेले. वाटलं, तिला आयुष्यभर अभिमान राहील. वाटलं, मीही सुटेन. एकदा तिला सांगितल्यावर जबाबात वेगळं कसं लिहिणार? मग तुम्हालाही तेच लिहिलं.

तिला अभिमान वगैरे काही वाटलेला नाही. ती माझ्यावर रागावलेलीही नाही. त्याच्यावर रागावली आहे. परवा त्या बाकावर बसून म्हणाली, "जीव जायची वेळ आली तेव्हा त्यांना माझी आठवण झाली नाही. पोरींची झाली नाही. त्या दाराची झाली. एकदा वाचवा म्हणाले असते तर मी जन्मभर त्यांचं हगणं-मुतणं काढलं असतं." म्हणून ती आत जात नाही. असा त्यांचा संसार मी दोन शब्दांत मोडला.

मास्तर तीन दिवसांपूर्वी शुद्धीवर आला. हळूहळू बोलतो. मी समोर गेलो की बघत राहतो. तुमची चिठ्ठी माझ्या खिशात आहे, वाचून दाखवायची हिंमत नाही. येत्या सोमवारी साहेब त्याचा जबाब घेणार आहेत. त्याने खरं सांगितलं तर खोट्या जबाबाबद्दल माझी नोकरी गेली आणि तोंड दाखवायची सोयही गेली. त्याला काही आठवलं नाही तर वहिनी कायमची त्या बाकावर. इकडे आड आणि तिकडे विहीर.

काल गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो आणि बराच वेळ कठड्याशी उभा राहिलो. खाली आलो, काळजी करू नका. पण तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तुमचा भाचा


८ मार्च

भाच्या,

गच्चीवर जाऊ नकोस. कपडे खोलीत वाळत घाल, नाहीतर ओले घाल. हे पत्र तुझ्या हातात पडेल त्याच्या आधी तुझी आई तुझ्या दारात असेल. आजच्याच गाडीत तिला बसवून दिलं. तिला सगळं सांगितलं आहे. ती रडली नाही, पिशवी भरायला लागली. मीच आलो असतो, पण हा पाय पायऱ्यांना तयार नाही.

या पायाबद्दल आता ऐक. मनोऱ्याच्या शिडीवरून पडलो, असं तुझ्या मामीला सांगितलं, तुझ्या आईला सांगितलं, तुम्हा पोरांना तर तिखटमीठ लावून सांगितलं. शिडी नव्हती. नोकरीच्या अकराव्या वर्षी मी दारावर होतो आणि माझ्या जोडीदाराने आतून मला हाक मारली, तुझ्या मास्तरने मारली तशीच. मी उघडलं. सहा जण बाहेर आले. माझा पाय मोडला ते काहीच नाही. दवाखान्यातला कंपाउंडर औषधांचा ट्रे घेऊन समोरून येत होता. त्याचा यात काय संबंध होता, सांग. तो तिथेच गेला. त्याचं लग्न होऊन दोन महिने झाले होते.

माझा जोडीदार वाचला. दरवर्षी बायकोमुलांना घेऊन मला भेटायला येतो. मुलगे आता मोठे झालेत, माझ्या पाया पडतात, आणि प्रत्येक वेळी मला तो ट्रे पडल्याचा आवाज ऐकू येतो. तो सोडून मला बाकी फारसं ऐकू येत नाही आताशा.

मीही जबाबात खोटं लिहिलं. कुलूप बिघडलेलं होतं, म्हणालो. मग कुलपं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची नोकरी गेली. तो कुठे गेला, मी कधी शोधलं नाही.

त्यानंतर मी तो नियम पोपटासारखा घोकला आणि तुझ्याकडूनही घोकून घेतला. कारण मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला निदान एवढं कळलं असतं की त्या दारावर उभ्या राहिलेल्या माणसाला बरोबर असं काही करता येतच नाही. तिसरा माणूस असता तर आला असता. तो बागेला पाणी घालत होता.

तू उघडलं नाहीस त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. त्या बाईला खोटं सांगितलंस, त्याबद्दल देतो. साहेब, चौकशी, नोकरी, सगळं मागाहून. सोमवारच्या आधी तिला जाऊन सांग. ती थोबाडीत मारेल, तर खा. नोकरी गेली तर माझी पुढची खोली रिकामीच आहे, एका घरात दोन खोटारडे मावतील.

ती चिठ्ठी फाडून टाक. कट्ट्यावर मी काय सांगायचं ते बघतो.

मामा


२४ एप्रिल

मामा,

दीड महिना लिहिलं नाही. आईने खुशाली कळवली असेलच. आल्याआल्या तिने गच्चीला कुलूप घातलं आणि खाली राहणाऱ्यांशी त्यावरून भांडून घेतलं. आता सगळ्या वसाहतीचे कपडे व्हरांड्यात वाळतात.

त्या रविवारी मी वहिनीशेजारी बाकावर जाऊन बसलो. दोन तास बसलो. तोंड उघडेना. ती म्हणाली, घरी जा, दमलेले दिसता. मी उठून घरी आलो. तुम्ही लिहिलं होतं ते मला जमलं नाही.

सोमवारी साहेब, चौकशीचे साहेब आणि कारकून आले. मी दाराबाहेर उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. त्यांनी माझा जबाब मास्तरला वाचून दाखवला आणि विचारलं, तुम्ही असं म्हणाला होतात का? मास्तरने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "शिपायाने लिहून दिलंय ते बरोबर आहे." कारकुनाने त्याच्या उजव्या हाताची सही घेतली, आणि साहेबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

ते गेल्यावर त्याने वहिनीला आत बोलावलं. मलाही बोलावलं. तिला म्हणाला, "मी उघड म्हणालो होतो. तीनदा म्हणालो. तुझं नाव घेतलं, पोरींची नावं घेतली." नावं त्याने घेतली नव्हती, मामा. तेवढं त्याने पदरचं घातलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वहिनी खाटेजवळच्या स्टुलावर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. त्याला भरवलं, तोंड पुसलं, नखं कापली. त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि आईने नेलेला डबा घेते तो आईकडे बघून.

मास्तर पुरता बरा व्हायच्या आधीच एक तारखेला कामावर आला. डाव्या हाताची मूठ वळत नाही, म्हणून त्याला आतलं काम बंद. त्याला दार दिलं. मग आत कोण जाणार? मी.

पहिल्या दिवशी मी आत शिरलो, त्याने मागून कुलूप लावलं. मी पुढे निघालो तर त्याने गजांतून माझी बाही धरली. म्हणाला, "आत काही झालं तर मला हाक मारू नकोस."

मला वाटलं, फेड करतोय. हक्कच होता त्याचा. मी म्हटलं, बरोबर आहे, नियमच आहे तो.

"नियमाचं नाही बोलत मी," तो म्हणाला. "तू हाक मारलीस तर मी उघडेन. मला ठाऊक आहे मी उघडेन. माझ्या दोन पोरी आहेत. म्हणून हाक मारू नकोस."

तेव्हापासून मी रोज सकाळी सहाला आत जातो, कैद्यांना जोड्यांत बसवतो, मोजतो, बाहेर येतो. आकड्यांखेरीज काही बोलत नाही. गेल्या बुधवारी मोजता मोजता मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि मी पालथा पडलो. मुद्दाम दिला की चुकून लागला, ठाऊक नाही. हाक घशापर्यंत आली होती, ती मी गिळली. उठून बघतो तर मास्तरने किल्ली कुलपात घातलेली. मी काही म्हणालोच नव्हतो, तरी. मी नको म्हणून मान हलवली. माझी मोजणी संपून मी दाराशी येईपर्यंत त्याने किल्ली बाहेर काढली नाही.

त्याच दिवशी मी बदलीचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "दारावरचा शिपाई माझ्यासाठी दार उघडेल." वाचून पाहिलं. हे साहेबांपुढे गेलं तर मास्तर त्याच दिवशी घरी जाईल. म्हणून तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि "घरगुती कारण" असं लिहिलं.

अर्ज काल परत आला. माणसं कमी आहेत, म्हणून बदली नामंजूर. उद्या सकाळी सहाला आत मी आहे आणि दारावर मास्तर आहे.

तुमचा भाचा